पूजेतली फियाट

"हिला हितं उतरवायची, का अशीच सरणावर न्यायची?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

ट्रॉलीत जे काही होतं त्याला गाडी म्हणायचं की गाडीचं कलेवर, हे ठरवायला निम्मी गल्ली जमली होती. एकेकाळी ती फियाट होती. पंचावन्न सालचं मॉडेल, पुढचं नाक मुस्काटासारखं बाहेर आलेलं. कोल्हापुरात तिला डुक्कर फियाट म्हणत. आता तिचा रंग गंजाचा होता, आणि गंजालासुद्धा बरंच वय झालेलं दिसत होतं. एका दाराच्या जागी बारदान होतं. आत डोकावलं तर खाली थेट ट्रॉलीच्या फळ्या दिसत होत्या, कारण गाडीला तळ नव्हता.

माझी बायको प्रमिला उंबऱ्यात उभी होती. गाडीकडे तिनं अजून पाहिलं नव्हतं.

"दादानं निरोप काय दिलाय?"

निरोप पाठ करून आणलेला असावा. ट्रॅक्टरवाल्यानं आभाळाकडं बघत म्हणून दाखवला, "गोठा पाडायचाय, गाडीला जागा न्हाई. दसऱ्याला ही गाडी सोताच्या इंजिनावर माझ्या दारात सोनं द्यायला आली, तर तुझी. न्हाई आली, तर दुसऱ्या दिवशी भंगारात." मग नजर खाली आणून तो म्हणाला, "एवढंच हाय वैनी. माझ्यावर राग काढू नका."

"त्याला सांग, येईल," प्रमिला म्हणाली आणि आत गेली. आत गेल्यावर तिनं मला हाक मारली. "अहो, येईल ना?"

मी पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. खात्यात असताना पाण्याच्या बाबतीत 'येईल' हा शब्द मी पुष्कळ वापरला होता. त्याच सवयीनं म्हणालो, "येईल की."

ही गाडी माझ्या सासऱ्यांची. सासरे गुळाचे व्यापारी, राहायला कसबा बावड्यात. ते वारले तेव्हा तेराव्याला घरात वाटणीचं बोलणं निघालं. प्रमिलानं दागिना मागितला नाही, जमीन मागितली नाही; आबांची गाडी तेवढी मागितली. तिचा थोरला भाऊ जयवंत, म्हणजे दादा, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "बाईमाणसाला गाडी कशाला? चुलीवर ठेवणार?" ती तेव्हाच उठली ती आमच्या घरी आली. त्यानंतर नऊ वर्षं तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. दादानं भाऊबीजेला साडी पाठवली, ती तिनं परत पाठवली. दादानं गाडी गोठ्यात घातली आणि म्हशीच्या शेजारी गंजू दिली. दोघं भावंडं एकाच घाण्यातून निघालेली. वाकत कुणीच नव्हतं.

त्यामुळं गाडी दारात उभी राहिली, तेव्हा दसऱ्याला नेमकं काय पणाला लागलंय ते मला कळत होतं. गाडी गेली असती तर भंगारात गेली असती, पण तिच्याबरोबर माहेरही कायमचं गेलं असतं.

मला गाडीतलं हॉर्नपलीकडं काही कळत नव्हतं. पण माझे तीन मित्र होते, आणि तिघांनाही आपल्याला सगळं कळतं अशी खात्री होती.

पहिला बंडा मगदूम. एसटीच्या वर्कशॉपात फोरमन होता. त्यानं आयुष्यात लाल बसशिवाय काही उघडलं नव्हतं, त्यामुळं फियाटचं बॉनेट उचलून तो आत वाकला आणि म्हणाला, "एवढंच इंजिन? आमच्याकडं वायपरला याच्यापेक्षा मोठी मोटर असती."

दुसरे उपळेकर सर. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊनही त्यांचा तास संपला नव्हता.

तिसरा इस्माईल शिकलगार, बसायच्या गाद्या शिवणारा. त्यानं मागची सीट उचलली तर खालून काळ्या मुंगळ्यांची पलटण बाहेर पडली. आबा गुळाच्या ढेपा मागच्या सीटवर ठेवून न्यायचे. माणूस गेला, गूळ गेला, मुंगळे वारसाहक्कानं तिथंच राहिले होते.

माझ्याकडं देखरेख होती. पाटबंधारे खात्यात मी तेच करत होतो.

आता गंजाचं काय करायचं यावर पहिला वाद झाला. मगदूम म्हणाला घासू. सर म्हणाले, "घासून गंज जातो, पण पत्राही जातो. मळीत बुडवायचं."

"कशात?"

"उसाच्या मळीत. साखर करून उरते ती. एक भाग मळी, नऊ भाग पाणी. लोखंड तसंच राहतं आणि गंज तेवढा सुटून येतो. साधं रसायनशास्त्र आहे, मगदूम. तुम्ही नववीत माझ्या तासाला झोपत होता."

"सर, तुम्ही माझ्याबरोबरच नववीत होता."

इस्माईलच्या एका पाहुण्यानं कुठूनतरी मळी आणून दिली. कुठून, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. परसात चार पिंपं उभी केली. त्यांत बंपर, ब्रेकचे ड्रम, दाराच्या बिजागऱ्या, जे निघेल ते बुडवलं. पहिले काही दिवस गुऱ्हाळाच्या दारात बसल्यासारखा वास येत होता. मग मळी आंबली. मग गल्लीत लोक आमच्या घरावरून जाताना नाकाला रुमाल लावू लागले, आणि काही लोक रुमाल न लावता मुद्दाम दोनदा जाऊ लागले.

एका दुपारी हवालदार आले.

"सरनोबत साहेब तुम्हीच? खबर आलीय, परसात भट्टी लावलीय म्हणून."

"भट्टी नाही, गाडी आहे," मी म्हणालो.

"पिंपात?"

हवालदारांनी काठी आत घातली, ढवळली, आणि खालून ब्रेकचा ड्रम वर काढला. त्यावरून काळी मळी ओघळत होती. त्यांनी तो हुंगला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा मुद्देमाल त्यांनी पाहिला नसावा.

"हे काय गाळताय?"

"गंज," सर म्हणाले, आणि त्यांनी हवालदारांना तिथंच उभं करून रासायनिक क्रिया समजावून सांगितली. ती ऐकताना हवालदारांनी तीनदा घड्याळ बघितलं. शेवटी ते प्रमिलाकडं वळले. "बाई, तुमी सांगा. ह्यात प्यायचं काय न्हाई ना?"

"प्यायचं असतं तर हे चौघं शुद्धीवर दिसले असते का?" ती म्हणाली. "चहा घेता?"

हवालदारांनी चहा घेतला आणि जाताना आपल्या मोटरसायकलचा सायलेन्सरही मळीत टाकून गेले.

पावसाळाभर हे चाललं. तळाचा पत्रा उद्यमनगरातून कापून आणला. इंजिन तीनदा उतरवलं आणि तीनदा चढवलं, दर वेळी एक नट उरायचा आणि मगदूम तो खिशात टाकून म्हणायचा, "कंपनी जादा देती." इस्माईलनं गाद्यांना मरून रेक्झिन लावलं. प्रमिला सुरुवातीला फक्त चहा आणून द्यायची. मग ती स्टुलावर बसायला लागली. मग एके दिवशी पॉलिश पेपर घेऊन तिनं पुढचं मडगार्ड घासायला घेतलं आणि कुणाशी न बोलता संध्याकाळपर्यंत घासत राहिली.

"वैनी, हात दुखत्याल," मगदूम म्हणाला.

"दुखू देत. दादाच्या दारात उतरले की बघते मग."

"मारामारी करणार काय?"

"सोनं देणार," ती म्हणाली. पण सोनं द्यायला निघालेल्या बाईसारखा तिचा चेहरा नव्हता.

अष्टमीच्या दुपारी मगदूमनं स्टार्टरचं बटण ओढलं. गाडी खोकली, थरथरली, एक काळा ढग सोडला आणि सुरू झाली. असा आवाज मी कुठल्याच गाडीचा ऐकलेला नाही. म्हातारं माणूस झोपेतून उठून गाणं म्हणायला लागावं तसा. मगदूमनं ती अंगणात चार हात पुढं नेली, चार हात मागं आणली. इस्माईलनं सरांना मिठी मारली. प्रमिला आत पळाली आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली.

"परवा दसरा," मी म्हणालो. "मध्ये एक दिवस आहे. उद्या जरा रस्त्यावर फिरवून बघू."

मगदूमनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याच्या देवाला शिवी दिली होती.

"उद्या खंडेनवमी हाय. उद्या हत्यारं पूजेला बसणार. वर्कशॉपात तीस वर्षांत मी खंडेनवमीला पान्ह्याला हात लावला न्हाई. दसऱ्याला सोनं लुटून झालं, की मगच हत्यार उठतं."

"पण गाडी हत्यार नाही," सर म्हणाले.

"एसटीत बसचीबी पूजा असती. डेपोत या, दाखवतो."

यावर कुणाचं काही चाललं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही पूजा हवीच होती. इतके महिने मळीत हात घातल्यावर माणसाला जरा हळदीचा वास हवासा वाटतो.

नवमीला परसात पाट मांडला. पान्हे, हातोड्या, पकड, जॅक, गाडी फिरवून चालू करायचं हँडल, सगळं पुसून ओळीनं ठेवलं. इस्माईलची मोठी कात्री आणि दाभणही त्यात होतं. गाडीला झेंडूचा हार घातला. मगदूमनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "वरवर नको. आतनं पूजा झाली पायजे."

झालं. प्रत्येकानं आपण जे दुरुस्त केलं होतं त्याला हळदकुंकू वाहिलं. मगदूमनं कार्बोरेटरला. मी बॅटरीला, कारण ती मी आणली होती. सर म्हणाले, "इंजिनाचं हृदय म्हणजे डिस्ट्रिब्युटर. ठिणगी इथून निघते." त्यांनी त्याचं झाकण काढलं आणि आतल्या पॉइंटांना नीट, बोटानं, कुंकू लावलं. प्रमिलानंही चिमूटभर वाहिलं. इस्माईलनं फुलं टाकली.

नारळ फोडायचा मान इस्माईलचा. तो बंपरपाशी गेला आणि सर ओरडले, "बंपरवर नाही! दीड महिना मळीत होता तो!"

"मग चाकावर?"

"चाकाची कॅप मी घासलीय," प्रमिला म्हणाली.

गाडीचा असा एकही कोपरा नव्हता की ज्यावर कुणाचातरी जीव नव्हता. शेवटी नारळ परसातल्या धुण्याच्या दगडावर फोडला, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून मगदूमनं ते ओंजळीत घेऊन सगळ्या इंजिनावर शिंपडलं. सरांनी वरून झाकण लावलं. आरती झाली. आम्ही नमस्कार केला. इतकी साग्रसंगीत पूजा झाल्यावर गाडी बंद पडण्याचं काही कारणच नव्हतं.

दसऱ्याला सकाळी प्रमिलानं मोरपंखी रंगाची पैठणी नेसली. आपट्याची पानं ताटात ठेवली. चौघं नवे सदरे घालून आलो. मगदूम स्टिअरिंगवर बसला, बटण ओढलं.

घुर्र. घुर्र. फुस्स.

पुन्हा ओढलं. तेच. दुपारपर्यंत ओढत राहिलो. बॅटरी आधी दमली आणि मग गेली.

"प्लग काढून बघू," सर म्हणाले. "पान्हा आण."

"पान्हा पूजेत हाय."

"मगदूम, बाईंचं माहेर जातंय!"

"मला कळत न्हाई व्हय?" मगदूमचा आवाज फाटला. "पण आमचे वस्ताद बापू नवमीला मशिनीत हात घालून बसले आन् चार बोटं गेली. माझ्या डोळ्यादेखत. मी न्हाई उचलणार. तुमी उचला, मी हितनं जातो."

सर पाटाकडं निघाले. प्रमिला आडवी आली.

"राहू द्या, सर."

"अहो, पण..."

"त्यांनी पावसाळाभर माझ्यासाठी हात काळे केलेत. त्यांच्या जिवाला लागेल असं काही करून मला गाडी नको."

मग हँडल हे हत्यार की गाडीचा भाग, यावर चर्चा झाली. सरांच्या मते भाग. इस्माईलच्या मते, वापरताना भाग आणि ठेवल्यावर हत्यार. पण हँडलवर कुंकू स्पष्ट दिसत होतं, त्यामुळं मुद्दा निकालात निघाला. आम्ही अंगणातच ढकलून पाहिलं. फाटकापर्यंत गेली, चालू झाली नाही. उन्हं कलली. प्रमिला पायरीवर बसली होती. ताटातली पानं वाऱ्यानं उडत होती आणि ती एकेक उचलून परत ठेवत होती. मी शेजारी जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला 'येईल' म्हणता आलं नाही.

फाटकाशी रिक्षा थांबली. दादा उतरला. भगवा फेटा, कोट, पायात करकरणारी कोल्हापुरी. त्यानं कुणाकडं न बघता विचारलं, "गाडी कुठाय?"

"ही काय," प्रमिला पायरीवरूनच म्हणाली. नऊ वर्षांतला तिचा भावाशी पहिला शब्द. "उद्या भंगारवाल्याला पाठव."

दादा गाडीभोवती फिरला. मडगार्डवर हात ठेवला आणि काढला नाही.

"सकाळपास्नं दारात उभा हाय मी," तो म्हणाला. "सगळ्या बावड्याला सांगून ठेवलंय, पमा येणार, आबांच्या गाडीतनं येणार. सूनबाई औक्षणाचं ताट घेऊन उंबऱ्यात बसली. निरंजनात तिसऱ्यांदा तूप घातलं."

त्यानं बॉनेट उचललं. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला दोन चिमटे असतात, ते बोटानं सुटतात. त्याला अवजार लागत नाही. दादानं झाकण काढलं आणि आत बघत राहिला. आत कुंकवाचा चिखल झाला होता.

"हे कुणी केलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणालो.

"दाजी, देव्हारा केलाय तुमी इंजिनाचा. ठिणगी पडणार कुठनं?" त्यानं फेट्याचा शेव ओढला आणि कोरड्या टोकानं पॉइंट पुसायला लागला. भगव्या रेशमावर कुंकू, तेल आणि नारळाचं पाणी उतरत होतं. पुसता पुसता तो कुणाला उद्देशून नाही असं बोलला, "आबा गेल्यावर एकदाच काढली ही. पंचगंगेच्या पुलापर्यंत गेलो. पमा कॉलेजला असताना मी पुढं आणि ती मागं. बडबड बडबड. आरशात बघायची सवय. त्या दिवशी आरशात बघितलं तर गुळाची ढेप. परत गोठ्यात लावली."

"मग नीट बोलवायचं होतंस," प्रमिला म्हणाली. "ही अट कशाला घातलीस?"

"नीट बोलावलं असतं तर आली असतीस?"

प्रमिलानं विचार केला. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही. "नाही," ती म्हणाली.

"मग?"

झाकण बसलं. दादा स्टिअरिंगवर बसला. बॅटरी गेलेली, त्यामुळं ढकलूनच चालू करायची होती. प्रमिला ताट घेऊन उठली आणि तिनं पुढचं दार उघडलं.

"मागं बस की," दादा म्हणाला.

"मी आता पुढं बसणार."

"अगं, आरशात..."

"शेजारी बसल्यावर आरसा कशाला लागतो? सरक."

क्षणभर मला वाटलं, आणखी नऊ वर्षं गेली. पण दादा सरकला.

आम्ही चौघांनी खांदे लावले. फाटकातून बाहेर काढली, गल्लीच्या उताराला लावली. इस्माईल मोठ्यानं "चल, चल" म्हणत होता, सर धापा टाकत होते, मगदूम "दुसऱ्या गिअरात सोडा, दुसऱ्या!" असं ओरडत होता. कोपऱ्यावर गाडीनं एक गचका खाल्ला, आमच्या नव्या सदऱ्यांवर काळं फेकलं आणि चालू झाली. आम्ही हात वर करून नाचलो. मग आत बसायला धावलो.

गाडी थांबली नाही. थांबवून चाललंच नसतं. बंद पडली असती. ती कोपऱ्यावरून वळली. मागच्या काचेतून मरून रेक्झिनची रिकामी सीट तेवढी दिसली आणि पुढं दोन डोकी, एक फेट्याचं, एक अंबाड्याचं. दोन्ही एकाच वेळी हलत होती, म्हणजे दोघंही एकाच वेळी बोलत होते.

आम्ही परत येऊन पायरीवर बसलो. मगदूमनं शांतपणे एकेक आपट्याचं पान आमच्या हातावर ठेवलं, पाया पडला, आणि मग पाटावरचा पान्हा उचलला. उचलल्यावर तो चालवायला समोर काही नव्हतं. त्यानं तो पुसला आणि खिशात घातला.

दिवेलागणीला फोन वाजला.

"अहो, पोचलो," प्रमिला म्हणाली. मागं खूप माणसांचा कालवा होता. "पार दारापर्यंत, स्वतःच्या इंजिनावर. सगळ्या बावड्यानं बघितलं. माझं औक्षण झालं. माझ्या दोन साड्या पाठवून द्या, मी आठवडाभर राहणार आहे."

"आणि गाडी?"

"गाडी माझीच. दादानं कबूल केलं, सगळ्यांदेखत." मग तिचा आवाज खाली आला. "पण ती इथंच राहू दे म्हणते मी. नाहीतर त्यानं मला न्यायला-आणायला यायचं कशानं?"

मी वळून मित्रांना सांगितलं. सर म्हणाले, तत्त्वतः बरोबर आहे. इस्माईल म्हणाला, त्यानं शिवलेल्या गादीवर अजून कुणी बसलेलंच नाही. मगदूमनं फक्त विचारलं, "आवाज कसा येत व्हता म्हणाल्या? एका सिलिंडरला जरा मिस मारत असंल."

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. दादा अजून महिन्यातून एकदा फियाट घेऊन येतो. प्रमिला पुढं बसते, आणि मागच्या सीटवर माझ्या वाट्याची जागा धरून गुळाची ढेप असते. त्या गाडीत मी आजतागायत एकदाही बसलेलो नाही. ढकललेली मात्र पुष्कळदा आहे.